उरुग्वेच्या बसचे भीमराव

भीमराव रोज सकाळी बेचाळीस माणसं हिंजवडीला नेऊन सोडतात आणि संध्याकाळी तीच बेचाळीस माणसं, जरा जास्त पिचलेली, परत आणतात. याला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षांत पुण्यात मेट्रो आली, विद्यापीठ चौकातला एक पूल पाडून तिथं दुसरा बांधला, बसमधली कितीतरी माणसं अमेरिकेला जाऊन परतही आली. भीमराव आहेत तिथंच, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर.

बसचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर रोज मेसेज पडतात. 'बस कुठाय?' 'बस निघाली का?' 'बस आज दोन मिनिटं आधीच गेली, रिडिक्युलस!' वाचणाऱ्याला वाटावं, बस आपली आपणच उठते, आंघोळ करते आणि निघते. त्या ग्रुपवर भीमरावांचं नाव एकदाही आलेलं नाही. हे भीमरावांना पक्कं ठाऊक आहे, कारण ग्रुपात तेही आहेत.

भीमरावांना मात्र सगळे ठाऊक. नावानं नव्हे, थांब्यानं. बाणेरच्या थांब्यावरचा उंच मुलगा चढताना रोज दाराला डोकं आपटतो, म्हणून भीमराव दार उघडलं की आधी "डोकं" म्हणतात. तो गाणी ऐकायची कानातली बोंडं न काढता आत येतो आणि डोकं आपटतो. सकाळनगरच्या थांब्यावर हिरव्या डब्याच्या पिशवीवाली एक बाई सात वर्षं चढायची. एका सोमवारी ती आली नाही. भीमरावांनी पुढचे तीन दिवस तिथं एकेक मिनिट गाडी जास्त उभी केली, मागून 'च् च्' असे आवाज आले तरी. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरच्या बोलण्यातून कळलं, की बाईंनी नोकरी सोडली.

"निदान सांगायचं तरी," रात्री जेवताना ते चंपाबाईंना म्हणाले.

"तुम्ही कोण तिचे?" चंपाबाईंनी भाकरी वाढता वाढता विचारलं. त्यांनी साधंच विचारलं होतं. पण भीमराव त्याचं उत्तर पुढं कितीतरी दिवस शोधत राहिले.

अशात यंदाच्या थंडीत योगेशशेठचा फोन आला. योगेशशेठच्या अकरा बसगाड्या कंपन्यांना लावलेल्या आहेत. त्यांतल्या फक्त भीमरावांच्या गाडीचा एसी पाणी गाळत नाही.

"भीमराव, आठवडाभर तुमची हिंजवडी बंद. परदेशातल्या कॉलेजच्या पोरी येतायत, खेळायला. बालेवाडीला नेआण करायची."

"काय खेळतायत?"

"फुटसाल म्हणतात. फुटबॉलच, पण घरात."

भीमराव दापोडीचे, आणि दापोडीच्या माणसाला फुटबॉल शिकवायची गरज नसते. तिकडच्या पोरांना चालता येण्याआधी लाथ मारता येते. भीमरावांनी स्वतः अंगात दम होता तोवर खडकीच्या मैदानावर गोलकीपर म्हणून दोन्ही गुडघे फोडून घेतले होते. फुटसाल त्यांनी मोबाइलवर बघून घेतला. पाच-पाच जणी, लहानसं मैदान, चेंडू जड, फारसा न उसळणारा. आणि गंमत म्हणजे चेंडू बाहेर गेला की घड्याळही थांबतं. वेळ थांबवून ठेवायची ही सोय भीमरावांना फार आवडली. विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला बारा देशांचे संघ आले होते. भीमरावांच्या वाट्याला आल्या उरुग्वेच्या चौदा पोरी.

"कुठं आलं ते?" चंपाबाईंनी विचारलं.

"ब्राझीलच्या खाली."

"म्हणजे लांबच." चंपाबाईंनी विषय मिटवला.

रविवारी सकाळी भीमराव इस्त्रीचा शर्ट घालून गणेशखिंड रस्त्यावरच्या गेस्टहाउसशी गाडी लावून उभे राहिले. संघाबरोबर स्वराली नावाची पुण्याचीच मुलगी होती. ती कॉलेजात स्पॅनिश शिकत होती, म्हणून तिला दुभाषी नेमलं होतं. बोलणं मात्र असं, की दोन्ही भाषांत कमीत कमी शब्द खर्च व्हावेत.

"काका, या उरुग्वेच्या. मुलींनो, हे भीमराव," तिनं ओळख करून दिली आणि पुढच्या सीटवर बसून मोबाइल काढला.

पण पोरी आत चढेनात. एकेक जण दारात थांबून "भी-म्रा-ओ" असं म्हणून बघत होती. बरोबर आलं का म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघायची, ते मान डोलवायचे, मग आत जायची. चौदा पोरी, एक कोच. पंधरा वेळा. सोळा वर्षांत बसमध्ये जे झालं नव्हतं, ते पाच मिनिटांत पंधरा वेळा झालं. भीमरावांनी उगाचच आरसा पुसला.

मार्तिना ही त्यांची गोलकीपर. चांगली थोराड पोरगी, पंजे भाकरीएवढे. ती ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसली. काखेत थर्मास, हातात वाळक्या भोपळ्याचं वाटीएवढं भांडं, त्यात हिरवा पाला ठासून भरलेला आणि पाल्यात खुपसलेली चांदीसारखी नळी. थर्मासमधलं गरम पाणी पाल्यावर ओतायचं, नळीनं ओढायचं, भांडं रिकामं झालं की परत तिच्याकडे. ती पुन्हा पाणी भरून पुढचीला देणार. नळी एकच. एकीनं ओढली की तीच दुसरीच्या तोंडात.

"त्यांचा चहा आहे, काका," स्वराली वर न बघता म्हणाली. "माते म्हणतात."

विद्यापीठ चौकात सिग्नल लागला. तिथला सिग्नल म्हणजे माणसानं निवांत आयुष्याचा विचार करावा एवढा. भीमरावांच्या कानाशी काहीतरी गरम आलं. बघतात तर मार्तिनाचा भाकरीएवढा पंजा आणि त्यात ते भांडं.

"मला?"

"भीम्राओ!" मागून कोरस झाला.

भीमरावांनी रुमाल काढला, नळी पुसायला. स्वरालीनं पहिल्यांदाच मोबाइलवरून डोळे उचलले. "पुसू नका. तसंच प्यायचं असतं. सगळ्यांचं एकच."

सगळ्यांचं एकच. भीमराव सहा-सात वर्षांचे असताना आईबरोबर बार्शीकडच्या गावी गेले होते. तिथल्या हॉटेलात त्यांच्या आळीचे दोन कप बाहेरच्या कोनाड्यात पालथे ठेवलेले असायचे. आपला कप आपण घ्यायचा, चहा वरून ओतला जायचा, आपणच विसळून परत पालथा घालायचा. आईनं चहा घेतलाच नाही. "मला पित्त होतं," म्हणाली. तिला आयुष्यात कधी पित्त झालं नव्हतं. ही गोष्ट भीमराव कुणाला सांगत नाहीत. सांगण्यासारखी आहे असं त्यांना वाटतही नाही. ती आपली आहे, कोनाड्यातल्या कपासारखी.

त्यांनी नळी तोंडात धरली आणि ओढली. चव म्हणाल तर कडुनिंबाच्या पाल्यात गवत उकळलं तर होईल तशी. पण त्यांनी शेवटचा घोट 'सुर्र' वाजेपर्यंत ओढला, भांडं दोन्ही हातांनी परत दिलं, आणि आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाले, "थँक्यू." पोरींना ऐकू गेलं नसेल म्हणून जरा मोठ्यानं पुन्हा, "थँक्यू, थँक्यू!"

"आऽऽ," पोरी म्हणाल्या. मार्तिनानं छातीवर हात ठेवून मान झुकवली. सिग्नल सुटला.

त्या दिवशी पोरी जिंकल्या. भीमरावांनी रात्री चंपाबाईंना सगळं दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भांडं पुन्हा निघालं. भीमराव आरशात बघत होते. मार्तिना, मग तिच्या शेजारची, मग पलीकडची, मागे, आणखी मागे, परत पुढे. विद्यापीठ चौकात सिग्नल लागला. भीमरावांनी हात गिअरवरून काढून मोकळा ठेवला. भांडं त्यांच्या कानामागून गेलं, गरम वाफ मानेला लागली, आणि ते कोचकडे गेलं.

राहिलं असेल चुकून, त्यांनी स्वतःला समजावलं. पण परतीच्या वाटेवरही तसंच. मंगळवारी सकाळीही तसंच. नावानं हाका मारणं चालू, हसणं चालू, एकीनं त्यांच्या स्टेअरिंगला उरुग्वेची निळी-पांढरी फीत बांधली. सगळं होतं. ती फेरी तेवढी त्यांच्यापाशी येईना.

"मिश्या," चंपाबाई म्हणाल्या. "मिश्या बुडवल्या असणार तुम्ही त्यात. चहात बुडवता तशा."

"नळीनं प्यायचं असतं. मिश्या कशा बुडतील?"

"मग तोंडाला वास आला असेल. तरी किती वर्षं सांगतेय, ती तंबाखू सोडा."

"सोडून चार वर्षं झाली की!"

"वास नाही सोडत."

मंगळवारी संध्याकाळी भीमरावांनी मिश्या बारीक करून घेतल्या. बुधवारी सकाळी दाढेखाली दोन लवंगा धरल्या. मुलगी बघायला निघालेल्या मुलासारखा चेहरा झाला होता. वय वर्षं एक्कावन्न आणि माणूस रुसलाय कशावर, तर कडू पाल्याच्या पाण्यावर! त्यांना स्वतःचाच राग आला. आपल्याला काय कमी आहे? घर आहे, मुलगा बँकेत आहे. पण मनाच्या एका कोपऱ्यात तो कोनाड्यातला कप हलत होता. या पोरींना काय ठाऊक असणार बार्शी? ठाऊक नसताना जर असं झालं, तर मग आपल्यातच काहीतरी आहे म्हणायचं का, असा तो कप विचारत होता. आणि भीमरावांना फक्त एवढंच हवं होतं, की जाण्याआधी ते भांडं एकदा, एकदाच, पुन्हा कानाशी यावं.

बुधवारची मॅच निकालाची होती. गाडी सुटताना स्वराली म्हणाली, "काका, आज पोलंडशी आहे. जिंकल्या तर सेमी फायनल, मग रविवारपर्यंत इथेच. नाहीतर उद्या सकाळचं विमान."

"बरोबरी झाली तर?"

"तरी विमान."

म्हणजे आजचा दिवस, किंवा आणखी चार. भीमराव गाडी चालवत होते आणि डोळे आरशात होते. भांडं निघालं. मार्तिना. शेजारची. पलीकडची. विद्यापीठ चौक गेला, बाणेर गेलं, गाडी हायवेला लागली. भांडं मागच्या सीटवर पोचलं होतं, आता परत पुढं येईल. आता कोच. आता...

"काका," स्वराली म्हणाली.

"हं."

"आपण हिंजवडीत आलोय."

भीमरावांनी समोर बघितलं. खरंच हिंजवडीत. बालेवाडीच्या सर्व्हिस रोडला उतरायचं सोडून, त्यांना न विचारता, त्यांच्या हातांनी सोळा वर्षांची वाट धरली होती. वाकडचा पूल ओलांडून गाडी थेट शिवाजी चौकाच्या तोंडाशी, सकाळी पावणेनऊला! तिथं त्या वेळी गाडी आत जाते ती जाते. वळवायची म्हटलं तर पुढून रिक्षा, मागून कंपनीची बस, डावीकडे टँकर आणि उजवीकडे 'इकडे कुठं' असं हातानं विचारणारा ट्रॅफिक हवालदार.

पोरींना आधी कळलंच नाही. त्या काचेच्या इमारतींचे फोटो काढत होत्या. मग स्वरालीनं स्पॅनिशमध्ये काहीतरी मोजकंच सांगितलं आणि बस गप्प झाली. एवढ्यात योगेशशेठचा फोन.

"भीमराव, आयोजकांचा फोन आलाय. तुम्ही कुठंय?"

"हिंजवडीत."

"उरुग्वेला आयटीत लावलं का तुम्ही?"

मार्तिना उठली. तिनं टाळ्या वाजवल्या आणि काहीतरी ओरडली. पोरींनी बॅगा सीटवर टाकल्या, बूट चढवले, घोट्यांना पट्ट्या गुंडाळल्या आणि बसच्या मधल्या बोळात व्यायाम सुरू केला. गुडघे छातीपर्यंत, एका जागी धावणं. दोघींनी बोळातच चेंडू सरकवायला घेतला. गाडी हलायला लागली. शेजारच्या कंपनीच्या बसमधल्या लोकांनी कानातली बोंडं काढून इकडं बघितलं. त्यांत बाणेरचा उंच मुलगाही होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

तासाभरानं बालेवाडी आलं, तेव्हा मॅचला अकरा मिनिटं होती.

एरवी भीमराव मॅचच्या वेळी पार्किंगमध्ये थांबत. ड्रायव्हर लोकांची जागा ती. त्या दिवशी मात्र ते हॉलमध्ये गेले आणि अगदी वरच्या पायरीवर उभे राहिले, आरोपी उभा राहतो तसे. पोरी उतरल्या त्याच पेटून. पाच मिनिटांत दोन गोल. भीमरावांचा श्वास जरा खाली आला. मग पोलंडनं एक फेडला, उरुग्वेनं तिसरा केला, पोलंडनं दुसरा. तीन-दोन. घड्याळावर शेवटचं दीड मिनिट. चेंडू बाहेर गेला, घड्याळ थांबलं. फाउल, घड्याळ थांबलं. दीड मिनिटातला एकेक सेकंद चिमटीत धरून काढावा तसा निघत होता. भीमराव मनात म्हणत होते, आता थांबू नकोस बाबा, पळ.

एकोणीस सेकंद उरले असताना पोलंडच्या एका मुलीनं लांबून मारला. समोर घोळका होता. मार्तिनाला चेंडू दिसला तो जाळीत गेल्यावरच. भीमराव स्वतः गोलकीपर होते. असा चेंडू दिसत नाही, फक्त ऐकू येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

तीन-तीन.

पार्किंगमध्ये पोरी आल्या तेव्हा काहींचे डोळे लाल होते. भीमराव बसच्या दाराशी हात जोडून उभे होते.

"स्वराली, सांग त्यांना. माझ्यामुळं झालं. मी गाडी चुकवली. सॉरी म्हणावं."

स्वरालीनं सांगितलं. मार्तिना बराच वेळ बोलली. स्वरालीनं त्याचं मराठी केलं. "ती म्हणते, पहिले दोन गोल तुमच्या बसमध्येच गरम झाले होते. शेवटचा गोल तिच्यावर झाला, हिंजवडीवर नाही."

भीमरावांनी मान खाली घातली.

"पण काका, खरं सांगा," स्वराली म्हणाली, "तुम्ही रस्त्याकडे बघतच नव्हतात. आरशात काय होतं एवढं?"

भीमरावांनी हळूच बोट केलं. मार्तिनाच्या काखेतल्या थर्मासकडे.

"माते?"

"पहिल्या दिवशी दिलं. मग बंद केलं. माझं काय चुकलं, तेवढं विचार."

स्वरालीनं कपाळावर हात मारला. "अहो काका, तुम्हीच तर थँक्यू म्हणालात!"

"मग? म्हणायचं नाही?"

"नाही ना! त्यांच्यात भांडं परत देताना काही बोलायचं नसतं. थँक्यू म्हटलं की त्याचा अर्थ, मला पुरे, आता मला देऊ नका. मला ते कडू प्रकरण आवडत नाही, म्हणून मी पहिल्याच दिवशी म्हणून टाकलं. तुम्ही तर तीनतीनदा म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला ते माझ्याहूनही नावडलं."

तिनं हे मार्तिनाला सांगितलं. मार्तिनानं दोन्ही पंजे डोक्याला लावले, मघाच्या गोलच्या वेळीही लावले नव्हते असे. मागच्या पोरी पुढे आल्या, कुणीतरी हसायला लागली, कुणी हसता हसता पुन्हा रडायला लागली. मार्तिनानं तिथंच, पार्किंगच्या उन्हात, बसच्या पायरीवर बसून थर्मास उघडला. पाला भिजवला. पहिलं भांडं स्वतः संपवलं, तो त्यांचा नियम. आणि दुसरं भांडं भीमरावांना.

भीमराव प्यायले. लवंगेमुळं अजूनच कडू लागलं. त्यांनी भांडं परत दिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. फेरी चौदा पोरी फिरून परत आली. ते पुन्हा प्यायले. पुन्हा ओठ मिटले. तीन दिवसांच्या सगळ्या फेऱ्या याच चवीच्या होत्या, आणि त्या कानामागून गेल्या होत्या. आपल्याच तोंडानं आपण नको म्हटलं होतं.

गुरुवारी सकाळी लोहगाव विमानतळावर सोडायचं होतं. गणेशखिंडीपासून येरवड्यापर्यंत जेवढे सिग्नल आहेत, त्या सगळ्यांना भीमरावांनी सोळा वर्षं शिव्या घातल्या होत्या. त्या दिवशी ते लांबून हिरवा दिवा दिसला की गाडी हळू करत. मागचे हॉर्न वाजवत. दिवा लाल झाला की भांडं कानाशी येई.

"काका, विमान चुकेल हं," स्वराली म्हणाली.

"चुकत नाही," भीमराव म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

विमानतळाच्या दाराशी बॅगा उतरल्या. एकेक पोरगी येऊन "भीम्राओ" म्हणून गळ्यात पडून गेली. पोलीस शिट्टी वाजवत होता, गाडी काढा. शेवटी मार्तिना. थर्मासमध्ये तळाशी उरलेलं पाणी तिनं ओतलं. कोमट होतं, पाल्यातला दमही गेलेला. भीमरावांनी सावकाश, 'सुर्र' वाजेपर्यंत ओढलं आणि भांडं तिच्या हातात दिलं.

"आता म्हणा की थँक्यू," स्वराली म्हणाली. "आता चालल्याच त्या."

"नाही म्हणत," भीमराव म्हणाले.

मार्तिनाला मराठी येत नव्हतं, पण ती हसली. भांडं बॅगेत घालून ती काचेच्या दारातून आत गेली. भीमराव दार मिटेपर्यंत उभे राहिले. मग पोलिसानं बॉनेटवर थाप मारली.

सोमवारी पुन्हा हिंजवडी. बेचाळीस माणसं, बेचाळीस जोड्या कानातली बोंडं. ग्रुपवर मेसेज होता, 'जुनी बस परत आली, एसी चालू आहे, थँक गॉड.' स्टेअरिंगची निळी-पांढरी फीत काढा म्हणून योगेशशेठ दोनदा म्हणाले होते. ती तिथंच होती.

विद्यापीठ चौकात सिग्नल लागला. बालेवाडीचं वळण एकदा चुकवलेले ते हात आता स्टेअरिंगवर नीट होते. पण दिवा लाल झाला तसा डावा हात गिअरवरून निघाला, खांद्यावरून मागे गेला आणि पंजा उघडा ठेवून तिथंच थांबला. भीमरावांच्या ते लक्षात आलं तेव्हा सिग्नलला अजून सदतीस सेकंद होते.

त्यांनी हात खाली घेतला नाही. दिवा हिरवा होईपर्यंत तसाच ठेवला.